मार्चअखेरची पट्टी, नळाचं पाणी आणि १ मेची ग्रामसभा

ग्रामस्थहो, नमस्कार.

मार्चअखेर तोंडावर आली आहे. घरपट्टी-पाणीपट्टी ३१ मार्चच्या आत भरा आणि पावती जपून ठेवा. १ एप्रिल उजाडला की तीच रक्कम थकबाकीत जाते, मग दाखल्याला आल्यावर खिडकीपाशी वाद होतात. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांची पट्टी आठवणीने बघावी.

पाणी : विहिरीने तळ गाठायला सुरुवात केली आहे. सोमवारपासून नळ एक दिवसाआड, सकाळी ६ ते ७. नळाला थेट मोटार लावू नये. परवा वरच्या आळीत टाकी ओसंडून रस्त्यावर चिखल, आणि खालच्या आळीत हंड्यांची रांग तशीच! ज्यांच्या नळाला तोटी नाही त्यांनी ती आठवड्याभरात बसवावी.

बांध पेटवू नका. कडब्याच्या गंजी शेजारीच आहेत.

ग्रामसभा : १ मे, झेंडावंदनानंतर लगेच, शाळेच्या पटांगणात. महिलांची सभा आदल्या दिवशी दुपारी ४ वाजता, मारुतीच्या देवळात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. मागच्या खेपेला चहा झाला, सभा मात्र तहकूब.

– ग्रामपंचायत कार्यालय