सही करायच्या आधी आईबापांनी पण अभ्यास करावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात पुरवणी येते, त्यात इंजिनिअरिंग असतं, नीट असतं, डिप्लोमा असतो, परवा तर बेकरीच्या कोर्सवर पण पाऊण पान होतं. पण आमच्या कोरेगाव-खटावकडच्या घरांमधून जी पोरं पहाटे रस्त्यावर पळत असतात त्यांच्या आईवडिलांसाठी त्यात एक ओळ पण नसते, असतात त्या फक्त भरती अकॅडमीच्या जाहिराती. म्हणून हे पत्र लिहितेय.

माझा मोठा मुलगा नेव्हीची तयारी करतोय, अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावीवरची चार वर्षांची भरती. घराण्यात सैन्य नवीन नाही, माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, पण समुद्र आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलेला नाही. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीला झाला, मोठमोठ्या बोटी आणि वरून विमानं असं सगळं टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा हा दहावीत होता आणि जेवणाचं ताट हातात घेऊन उभाच राहिला, बसलाच नाही. त्या दिवसापासून डोक्यात हेच. आण्णा सुरुवातीला म्हणाले पलटणीत जा, जमिनीवर पाय तरी असतो, पाण्यातली नोकरी आपल्याला कशाला. मला पण पोटात गोळाच आला होता, खोटं कशाला सांगू.

मग मी एक केलं, मे महिन्यात त्याला घेऊन एसटीने मालवणला गेले. म्हटलं ज्या पाण्यावर आयुष्याची उमेदीची वर्षं काढायची ते आधी डोळ्यांनी बघ तरी. तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेतात त्या बोटीत बसलो, बोट खाडीतून बाहेर पडली आणि लाटा लागायला लागल्या तसा हा पांढराफटक पडला, कडेला वाकून भडाभडा ओकला, मला वाटलं झालं, सुटलं याचं वेड. याने तोंड धुतलं आणि बोटवाल्या काकांना विचारतो, काका सवय व्हायला किती दिवस लागतात? तेव्हाच मला कळलं की आता आपण अडवायचं नाही, मागे उभं राहायचं.

पण मागे उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझा सगळा मुद्दा हाच आहे. बूट घेऊन दिले, अंडी-दूध सुरू केलं, अकॅडमीची फी भरली की आपलं काम झालं असं बहुतेक घरात समजतात. बाकी सगळं पोरावर नाहीतर अकॅडमीच्या सरांवर. पोरगं १७ वर्षांचं असतं हो, त्याला नोटिफिकेशनचे ते बारीक अक्षरातले नियम कुठे वाचायचा धीर असतो, ते आपण वाचायला पाहिजेत, नाही कळलं तर शाळेतल्या सरांकडून समजून घ्यायला पाहिजेत.

आता साधी गोष्ट बघा. एसएसआरला बारावी किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो, आणि बारावी असेल तर त्यात गणित आणि फिजिक्स पाहिजेच. एमआर म्हणजे मॅट्रिक रिक्रूट, त्याला दहावी चालते पण तिथे कामं वेगळी, कुक, स्टुअर्ड, हायजिनिस्ट म्हणजे साफसफाईचं, अशी. आमच्या भागात किती पोरं "भरतीच करायचीय ना" म्हणून अकरावीला आर्ट्स घेतात, कॉलेजला जायची कटकट नको, दिवसभर ग्राउंड मारता येतं म्हणून, आणि दोन वर्षांनी कळतं की नेव्हीचं ते दार आपण स्वतःच बंद करून घेतलंय. म्हणजे हा निर्णय बारावीनंतरचा नाहीच, दहावीच्या निकालाच्या आठवड्यातला आहे, आणि त्या आठवड्यात घरात कुणाला माहितीच नसते.

दुसरं मेडिकलचं, आणि यावर मला जरा जास्तच बोलायचंय. आमच्या वाडीतला एक पोरगा दोन वर्षं पळला, ऊन नाही पाऊस नाही, लेखी पास झाला, १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटात मारायचं असतं ते त्याने आरामात मारलं, आणि मेडिकलला कळलं की त्याला रंगांधळेपणा आहे. घरी कुणालाच माहिती नव्हतं, त्यालापण नाही, कसं माहिती असणार, त्याला जे दिसतं तेच खरं वाटणार ना. ठिपक्यांचे आकडे वाचायचं ते पुस्तक कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरकडे असतं, दहा मिनिटांचं काम. त्याची आई माझ्याकडे येऊन रडली तेव्हा म्हणाली, बाई आधी कळलं असतं तर दोन वर्षं दुसऱ्या कशात घातली असती. दुसऱ्या दिवशीच मी माझ्या मुलाला सातारला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. नंतर दात, एक दाढ किडलेली होती ती भरून घेतली. कानात मळ घट्ट बसला होता तो काढला. गोंदवून घ्यायचं खूळ सध्या सगळ्या पोरांना आहे, दंडावर गोंदवलेलं नेव्हीला चालत नाही, कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतं, हे जत्रेच्या आधी पोराला सांगायला पाहिजे, जत्रेनंतर सांगून काय उपयोग.

आणि पैसे. एका अकॅडमीतून आम्हाला फोन आला होता, मेडिकलला आपली ओळख आहे, अमुक एवढे दिलेत तर काम होईल, नाही झालं तर परत. आमचे हे कारखान्यावर सीझनला असतात, घरात पैसा कुठून येणार, तरी क्षणभर मनात आलंच की गळ्यातलं मोडावं का. आण्णांनी फोन हातातून घेतला आणि एवढंच म्हणाले, मी पलटणीत २८ वर्षं काढली, पैसे देऊन आलेला माणूस मी शेजारी उभा करून घेतला नसता. फोन ठेवून दिला. मेडिकलला अनफिट केलं तर सरळ मार्गाने अपील करता येतं, मिलिटरी हॉस्पिटलला परत तपासतात, तो आपला हक्क आहे. त्यासाठी कुणालाही लाच म्हणून एक रुपया द्यायची गरज नाही. ज्यांना असे फोन येतात त्यांनी घाबरून गप्प बसू नये.

चार वर्षांचं पण घरात बसून स्पष्ट बोललं पाहिजे. लोक लग्नाच्या बाजारात सांगतात पोरगा नेव्हीत लागला, आणि पोराला पण वाटतं लागलो म्हणजे लागलो. कारखान्याच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही तिघांनी बसून हिशोब केला. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळतात त्या पैशात, कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. चार वर्षांत त्याचे कापलेले ५ लाख २ हजार आणि सरकारचे तेवढेच, व्याज वेगळं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सध्याच्या नियमाने २५ टक्क्यांपर्यंतच पुढे घेतात. म्हणजे चार पोरांमधली तीन वयाच्या बाविशीच्या आसपास घरी येणार. निमलष्करी दलात २०२२ ला १० टक्के राखीव जागा सांगितल्या होत्या पण ती पण परत एक भरतीच. २०२२ च्या शेवटी नेव्हीची पहिली तुकडी ओडिशात आयएनएस चिल्काला दाखल झाली, त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात, त्या पोरांना पुढे काय मिळतं ते तुमच्या पेपरने जाऊन विचारावं आणि छापावं, आम्हाला सगळ्यांना ते वाचायचंय.

हे सगळं ऐकून मुलगा म्हणाला, आई मी त्या एकात यायचा प्रयत्न करीन, नाही आलो तर चार वर्षांत डिग्री बाहेरून पूर्ण करीन. मी हे लिहून घेतलंय कॅलेंडरवर. तो अजून १८ चा नाही, त्यामुळे भरतीच्या कागदावर पालकांची सही लागणार. ती सही म्हणजे नुसता कागदाचा कोपरा भरणं नाही, सरकार आपल्याला विचारतंय की तुम्ही हे सगळं समजून पोराला पाठवताय ना. मला हो म्हणायचंय, पण समजून.

रोज पहाटे साडेचारला आम्ही कॅनॉलच्या रस्त्याला जातो. ह्यांनी मोटरसायकलवर मोजून पुलापासून विजेच्या डीपीपर्यंत आठशे मीटर ठरवलंय, जाऊन-येऊन १.६. मी मोबाईल घेऊन पुलावर उभी. जानेवारीत ७ मिनिटं २० सेकंद, मार्चमध्ये ६.४१, आणि गेल्या आठवड्यात ६.१२. तो येतो तेव्हा अंधारात आधी बुटांचा आवाज येतो आणि मग तो दिसतो. शेजारची एक मुलगी पण आता आमच्याबरोबर येते, बारावी सायन्सला आहे. मुलींना ८ मिनिटं असतात. तिची आई म्हणत होती मुलगी आणि जहाजावर कशी काय, तेव्हा मी तिला सांगितलं की २८ मार्च २०२३ ला चिल्काहून जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यात मुली पण होत्या, शपथ घेऊन गेल्या. आता ती बाई पण कधी कधी पुलावर येऊन उभी राहते.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की निकालाच्या पुरवणीत एक पान या मुलांच्या आईवडिलांसाठी ठेवा. कुठला विषय घ्यायचा, काय तपासून घ्यायचं, हातात किती येतं, चार वर्षांनंतर काय, साध्या मराठीत. गावात तुमचा पेपर सलूनमध्ये, डेअरीत सगळे वाचतात.

पत्र मोठं झालंय, कापलंत तरी माझी हरकत नाही. फक्त डोळे आधी तपासून घ्या आणि कुणाला पैसे देऊ नका, हे दोन भाग तेवढे कापू नका.

आपली,
एक आई, ता. कोरेगाव, जि. सातारा