विन्या, थेपल्यांची बॅग घरीच ठेव

प्रिय विन्या,

"तिकडे आम्ही खायचं काय, मासे आणि नारळ?" हा तुझा मेसेज वाचून मी ऑफिसात एकटाच हसत बसलो होतो. अरे मॉरिशसला येतोयस, चंद्रावर नाही. आणि काकूंना सांग, शाकाहारी माणसाची इथे जेवढी चैन आहे तेवढी युरोपात सात जन्मात व्हायची नाही.

पहिल्या दिवशी सकाळी तुम्हाला दाल पुरी खायला नेणार. इथले लोक 'धॉल पुरी' म्हणतात आणि ती जोडीनेच मिळते, एक मागितलीस तर गाडीवाला तुझ्याकडे बघत राहील. डाळ हळद घालून शिजवतात, पण गाळ होऊ देत नाहीत, बोटाने जेमतेम चिरडेल इतपतच, मग निथळून कोरडी दळतात, जिरं घालतात, आणि डाळीच्या त्याच पिवळ्या पाण्यात मैदा भिजवून त्यात हे सारण भरून पातळ लाटतात. थोडक्यात गुळाशिवायची पुरणपोळी, फक्त इतकी मऊ आणि पातळ की रुमालासारखी घडी होते. आत मोठ्या पांढऱ्या वालाची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय, लोणचं, कोथिंबिरीची चटणी, सगळं गुंडाळून कागदात हातात. मिरची नको असेल तर आधीच 'सां पिमां' म्हणायचं, नाहीतर इथली हिरवी मिरची तुला काय ते दाखवेल. रोझ हिलला देवा म्हणून एक प्रसिद्ध दुकान आहे, पण मला विचारशील तर कोपऱ्यावरच्या कुठल्याही गर्दीच्या गाडीवर जा, गरम असली म्हणजे झालं.

आता गंमत बघ. ही पुरी आली बिहारी मजुरांबरोबर. 2 नोव्हेंबर 1834 ला अ‍ॅटलास नावाचं जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं आणि मग पुढची ऐंशी-पंचाऐंशी वर्षं माणसं येतच राहिली, उसाच्या मळ्यांसाठी. ती जिथे उतरायची तो आप्रवासी घाट 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तुला दाखवेनच. पण आज त्या गाडीवर रांगेत उभा असतो कोण? चिनी दुकानदार, आफ्रिकी वंशाचा ड्रायव्हर, फ्रेंच आडनावाची मॅडम, आणि मागे मी. कुणीच तिला 'इंडियन फूड' म्हणत नाही.

उलटंही तितकंच खरं आहे. आपली मराठी माणसं इथे पिढ्यान्पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, मोदक होतात. पण त्यांच्या घरी रोजचं जेवण काय, तर भात, डाळ, रुगाय आणि ब्रेद. शेजारच्या तेलुगू किंवा भोजपुरी घरात जे, तेच. रुगाय म्हणजे टोमॅटो, कांदा, लसूण, आलं आणि त्यात थाइम नावाचा विलायती पाला (हा पाला पहिल्यांदा मला औषधासारखा लागला होता, आता नसला तर चुकल्यासारखं वाटतं). खारवलेला मासा घातला तर वेगळं, पनीर घातलं तर काकूंचं. ब्रेद म्हणजे पालेभाज्या, त्यात शेवग्याचा पाला पण आला आणि अळू पण. लसूण-आलं घालून पातळ पाणीदार कढण करतात, भातावर घ्यायचं, बाजूला झणझणीत चटणी. एवढं साधं जेवण हॉटेलच्या बुफेत कधी दिसणार नाही. मागे एका मोठ्या रिसॉर्टमध्ये गेलो होतो, 'मॉरिशियन नाइट' म्हणून पास्ता आणि फिकी चिकन करी, पैसे वाया.

कुणाच्या लग्नाचं आमंत्रण मिळालं तर मात्र सोडायचं नाही. केळीच्या पानावर सात भाज्या, 'सेत कारी' म्हणतात, कच्च्या फणसाची, लाल भोपळ्याची, वालाची, हाताने जेवायचं. ही पद्धत मुळात तामिळ-तेलुगू लोकांची, आता सगळे वाढतात.

तुझ्यासाठी मांसाहारात बघ, चिनी लोकांचं 'बोल रांव्हर्से' आहे. वाडग्याच्या तळाशी तळलेलं अंडं, वर सॉसमधलं चिकन नि भाज्या, वर भात दाबायचा आणि ताटलीवर उपडं करायचं. पोरांना जाम आवडतं. व्हिंदाय म्हणून माशाचा प्रकार आहे, तळलेला मासा मोहरी, हळद, व्हिनेगर आणि अख्ख्या छोट्या कांद्यांत मुरवतात, गोव्याच्या विंदालूचा चुलतभाऊ, पण मला तर हाच जास्त आवडतो आणि दुसऱ्या दिवशी पावात भरून खायला बेस्ट. हरणाची करी पण मिळते, हरणं डचांनी 1639 मध्ये जावाहून आणून सोडली होती, म्हणजे तीही बोटीनेच आली! मी एकदा खाल्ली, चिवट, परत नाही.

घाट बघून झाला की चालत सेंट्रल मार्केटला जाऊ, तिथे आलुदा प्यायचा. दूध, सब्जा, अगर-अगरच्या (आपलं चायना ग्रास) पट्ट्या, व्हॅनिला, वर आइस्क्रीम. डिसेंबरात इथे भर उन्हाळा, त्यामुळे एका ग्लासात भागेल असं वाटत नाही. दिवाळीचे 'गातो पातात' तुम्हाला हुकणार याचं वाईट वाटतं, आकाराने करंजीच, पण पारी रताळ्याची, आत खोबरं-साखर, आणि दिवाळीत शेजारीपाजारी डबेच्या डबे वाटले जातात, मुसलमान-ख्रिश्चन घरांतसुद्धा. वहिनीला शिकायचे असतील तर आमच्या घरमालकीणबाई एका पायावर तयार आहेत, फक्त त्या क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत बोलतात, खुणांवर भागवा.

तिकिटं फायनल झाली की लगेच तारखा कळव, मला रजा टाकायला लागेल. आणि शक्यतो रविवारी उतरू नका, दुपारनंतर बाजार सामसूम असतो.

तुझा,
मन्या

ता.क. ऑक्टोपसचं विचारलं होतंस ना, मिळतो, करी मस्त होते. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर तर किनाऱ्यावर काठ्यांवर कपड्यांसारखे वाळत घातलेले असतात. काकूंना फोटो दाखवू नकोस.