एकसारखे दोन दिवे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नव्या घरात जेवणाच्या टेबलावर टांगायला एकसारखे दोन दिवे हवेत, असं तू लिहिलंस. दिवे आनंदाने करतो. पण दोन्ही हुबेहूब सारखे होणार नाहीत. का, ते सांगतो.

तुझ्यासाठी मनात आहे वर भोपळा आणि खाली तांब्याची छत्री. भोपळा भाजीचा नव्हे, मिरजेच्या सतारीचा. तो सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो आणि वाळला की टणक होतो. तडा गेलेला किंवा वाद्याच्या मापात न बसणारा भोपळा मी घेतो. आतला वाळका गर खरवडायचा, मग पॉलिशपेपरने साल घासत पातळ करायची. ती कुठे जाड, कुठे पातळ असते ते बाहेरून कळत नाही. आत बल्ब सोडून अंधाऱ्या खोलीत बघत बसलं की कळतं. पातळ जागी उजेड मधासारखा झिरपतो, जाड जागी अडतो. भोकं कुठे पाडायची हे मी तेव्हाच ठरवतो, आणि नजर ठेवतो ती भिंतीवर, कारण खरी नक्षी तिथे उमटते. लहान उघडा एलईडी लावला तर प्रत्येक भोकाचा ठिपका रेखीव पडतो. दुधी काचेचा मोठा बल्ब लावला की तेच ठिपके एकमेकांत मिसळून जातात.

जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुचीने १९५१ साली जपानमधल्या गिफूच्या कंदील कारागिरांबरोबर कागद-बांबूचे ‘आकारी’ दिवे सुरू केले. ते साच्यावर बांधतात, म्हणून एकासारखा दुसरा होतो, आणि तेही फार सुंदर आहेत. पण भोपळ्याला साचा नाही. त्याच्यावर दुसऱ्या भोपळ्याची नक्षी लादली तर दोन्ही दिवे बिघडतील.

तांब्याचा पत्रा पुण्याच्या तांबट आळीतून आणणार. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही कसबा पेठेतली वस्ती. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून पत्र्यावर खुणा उमटवण्याचं काम, तू पाहायलाच हवंस. पत्रा लाल होईपर्यंत तापवून गार केला की मऊ पडतो. ठोकत गेलं की पुन्हा कडक होतो, हातोडीचा आवाजसुद्धा बदलतो, मग परत भट्टीत. मठारलेली प्रत्येक खूण उजेड आपापल्या दिशेने फेकते, त्यामुळे छत्रीच्या आत तो थरथरल्यासारखा दिसतो.

पण तांबं निळा-हिरवा उजेड बराचसा गिळतं आणि तांबूस तेवढा परत देतं. माणसांचे चेहरे त्यात छान दिसतात, ताटातली कोथिंबीर मात्र मलूल दिसते. जेवणाच्या दिव्याला हे चालणार नाही. म्हणून छत्रीला आतून कल्हई करायची: पत्रा तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा सगळा खेळ काही क्षणांचा. काळपट तांबं डोळ्यांदेखत चंदेरी होतं! कल्हई फक्त घुमटाला; काठाचा रुंद पट्टा उघडा ठेवणार. ताटावर पांढरा स्वच्छ उजेड आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर तांबूस, दोन्ही एकाच बल्बमधून. या दिव्यातलं मला सर्वांत प्रिय काय असेल तर हेच.

तुझ्या इलेक्ट्रिशियनला बजावून सांग: दिवा धातूचा आहे, अर्थिंग हवंच. मी तीन तारांची केबल देईन आणि ती पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारी कडी, बसवीन. एलईडी तांब्याच्या चकतीवर बसवतो, कारण आत साठलेल्या उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं आणि तांबं ती झटकन ओढून घेतं.

तर दोन्ही छत्र्या एकाच पत्र्याच्या, एकाच व्यासाच्या. भोपळे मात्र ज्याचे त्याचे. मला छताची उंची आणि टेबलाची लांबी कळव. छत्रीचा काठ टेबलापासून पाऊण मीटरवर आला तर बल्ब कुणाच्या डोळ्यांत येत नाही. भिंतीला अजून रंग दिला नसशील तर पांढराच दे, चकचकीत नको. ठिपके त्यावर चांगले उमटतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र