जास्त ऑइल टाकल्याने इंजिन थंड राहत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या वाहन पुरवणीत लिक्विड-कूल्ड (इंजिनाभोवती फिरणाऱ्या द्रवाने थंड होणाऱ्या) टू-स्ट्रोक गाड्या का तापतात यावर लेख आला आहे. त्यातले निम्मे सल्ले इंजिनाचे नुकसान करणारे आहेत आणि एक तर माणसाला भाजणारा आहे, म्हणून लगेच लिहीत आहे.

आधी भाजणारा. ‘ओले फडके धरून रेडिएटरची कॅप हळूहळू उघडावी,’ असे छापले आहे. या गाड्यांची कॅप साधारण 1.1 बार दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट 130 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप सैल केली की दाब जातो, उकळबिंदू 107 अंशांवर उतरतो आणि आतले कूलंट वाफेसकट उसळून बाहेर येते. फडक्याने ते थोपत नाही. इंजिन बंद करावे, रेडिएटरवर उघडा हात सहज टेकवता येईपर्यंत थांबावे आणि मगच कॅपला हात लावावा. तापलेल्या सिलिंडरवर थंड पाणी ओतू नये, हेही सांगायला हवे होते. हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, वाकते, कधी तडकते.

आता ज्या वाक्याने सर्वांत जास्त संताप आला ते वाक्य: ‘गाडी तापत असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त मिसळावे.’ हा गैरसमज जुना आहे आणि छापून आला की तो आणखी घट्ट होतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाते तिथे हिशेब सरळ आहे. 50:1 (50 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) प्रमाणात लिटरला 20 मिलिलिटर ऑइल, 32:1 मध्ये 31 आणि 20:1 मध्ये 50. मेन जेटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या इंधन मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकातून जे जाते ते मिश्रण. त्या मिश्रणाच्या 100 भागांत 50:1 ला पेट्रोल असते 98 भाग, 20:1 ला 95 च्या थोडे वर. जेट तोच, हवा तेवढीच, पेट्रोल मात्र जवळजवळ तीन टक्के कमी. शिवाय मिश्रण दाट झाल्याने जेटमधून वाहतेही किंचित कमी. म्हणजे ऑइल वाढवणाऱ्याने नकळत मेन जेट साधारण एक नंबर लहान केला आणि मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, केले. लीन मिक्स्चरने ज्वलनाची उष्णता वाढते, पिस्टनचा एक्झॉस्टकडचा भाग आधी तापतो, मिश्रण आपोआप भडकून ठोके पडू लागतात. ठोक्यांमुळे पिस्टन आणि हेडला चिकटून असलेला वायूचा पातळ थर मोडतो. हा थरच धातूचे रक्षण करत असतो. तो गेला की ज्वालेची उष्णता थेट धातूत आणि तिथून कूलंटमध्ये उतरते. मालकाला दिसते ते एवढेच, की गाडी पाणी फेकते आहे. मग तो रेडिएटर बदलतो.

जास्त ऑइल वाईट असते असे मुळीच नाही. वरच्या आरपीएमवर सतत पळणाऱ्या इंजिनाला ते हवेच, बेअरिंग आणि रिंग जास्त टिकतात. पण प्रमाण बदलले की जेटिंग पुन्हा तपासायचे. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून चिनी मातीच्या अगदी तळाचे कडे भिंगातून पाहायचे. तिथे फिकट तपकिरी कडे हवे. पांढरेफटक असेल तर जेट मोठा घाला. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवा. ते ठिपके पिस्टनमधून आलेले असतात.

लेखात उन्हाळ्याचाच विचार आहे, तोही अपुरा. हवा 10 अंशांनी थंड झाली की तिची घनता सुमारे साडेतीन टक्के वाढते, म्हणजे उन्हाळ्यात बरोबर बसलेला जेट गार पहाटे लीन ठरतो. त्यात कोणी लेख वाचून ऑइल वाढवले असेल तर दोन्ही फरक एकाच दिशेने जोडले जातात. गारठ्यात इंजिन सीझ होण्याचे, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याचे, दुसरे कारण वेगळे आहे. कूलंट थंड असतानाच थ्रॉटल पूर्ण उघडला तर पिस्टन झपाट्याने फुगतो, थंड सिलिंडर तेवढा फुगत नाही आणि पिस्टनवर चार कोपऱ्यांना ओरखडे उठतात. रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत गाडी सावकाश चालवावी.

मिक्स्चर लीन होण्याची आणखी एक चोरवाट, म्हणजे क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील, लेखात आलीच नाही. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील गेले की तिथून हवा शिरते. क्लचच्या बाजूचे गेले की गिअर ऑइल ओढले जाते, धूर वाढतो आणि ऑइलची पातळी उतरते. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नसेल तर आधी हाच संशय घ्यावा. इनटेक आणि एक्झॉस्ट बुचांनी बंद करून 0.4 बार हवा भरावी आणि सहा मिनिटे काटा पाहावा. उतरला तर सील, इनटेकचे रबर, रीडचे (मिश्रण आत सोडणाऱ्या पातळ पात्यांचे) गॅस्केट आणि सिलिंडरचा तळ यांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. 0.4 पेक्षा जास्त दाब देऊ नये, चांगली सीलही निसटतात. इग्निशनचे टायमिंग जास्त पुढे सरकलेले असले, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असली, तरी परिणाम असाच होतो, तेही तपासावे.

हे सगळे ठीक असेल तर मग कूलिंगकडे वळावे. कूलंटची रिझर्व्ह टाकी नसलेल्या ऑफ-रोड गाड्यांत कूलंटची पातळी रेडिएटरच्या पात्यांवर साधारण 10 मिलिमीटर असावी. काठोकाठ भरले तर गरम होऊन फुगलेले कूलंट बाहेर पडणारच. ते तापण्याचे लक्षण नव्हे, तरी त्यावरून कित्येक गाड्या उघडल्या जातात. भरताना हेडवरचा हवा सोडण्याचा एअर स्क्रू उघडावा, पुढचे चाक फूटभर वर घ्यावे आणि होज दाबत राहावे. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर तिथे पाणी पोहोचतच नाही. थंड इंजिन कॅप काढून सुरू करताच एकसारखे बुडबुडे येत राहिले तर हेडची गॅस्केट किंवा ओ-रिंग गेली. पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकले तर पंपाचे पाण्याकडचे सील गेले, गिअर ऑइल दुधाळ झाले तर पाण्याकडचे आणि ऑइलकडचे अशा दोन्ही सीलमधून पाणी आत गेले. पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पाते) शाफ्टवर सैल नाही ना, हेही हाताने फिरवून पाहावे.

नळाचे पाणी चालते, हेही चूक. त्यातले क्षार आतून थर धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि सिलिकेट नसलेले कूलंट घ्यावे. सिलिकेट पंपाचे सील घासते. जास्त दाबाची कॅप बसवा म्हणजे गाडी थंड राहील, हा सल्लाही बरोबर नाही. कॅप उकळणे लांबवते, उष्णता कमी करत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठराविक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाका, असे एका ओळीत उडवून दिले आहे. बायपास असलेल्या रचनेत तो काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यात तापवून थर्मामीटर लावून पाहावा. ज्या अंशावर उघडायला हवा तो आकडा त्याच्यावर कोरलेला असतो.

शेवटी चित्राबद्दल. लेख टू-स्ट्रोकचा आणि छायाचित्रातील इंजिनाला कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह, म्हणजे फोर-स्ट्रोकचे भाग! टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते, पिस्टन खालून थंड करायला संपमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल नसते, सिलिंडरची एक बाजू एक्झॉस्ट पोर्टमुळे सतत जास्त तापलेली असते. या तीन गोष्टी ज्याला माहीत आहेत त्याने हे चित्र लेखाजवळ येऊ दिले नसते. लेखावर लेखकाचे नावही नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या पुरवणीत कॅपबद्दलची आणि ऑइलबद्दलची दुरुस्ती लेख होता त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. कॅपची दुरुस्ती मात्र पुरवणीची वाट न पाहता उद्याच्या अंकात घ्यावी.

आपला,
एक वाचक