कालवडींना क्षयरोगाची बीसीजी लस द्या: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या वाळवा, पलूस भागात कितीतरी घरांचा किराणा दुधाच्या बिलावर चालतो. लाळ-खुरकुताची लस शासन गोठ्यात येऊन टोचते, कालवडींना ब्रुसेलोसिसचीही (गाभ टाकायला लावणारा रोग). क्षयरोगाचे नाव मात्र कोणी काढत नाही. देशातल्या सुमारे 7.3 टक्के गुरांना त्याची लागण असावी, असा अंदाज 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. असे जनावर धडधाकट दिसते, दूध देते आणि शेजारच्या दावणीला श्वासातून रोग देत राहते. कच्च्या दुधातून तो माणसातही येतो.

परदेशात बाधित जनावर कापतात. आपल्याकडे गोवंशहत्येला बंदी आहे. ती नसती तरी कर्ज काढून घेतलेली गाय कुणी आपणहून पुढे केली नसती. म्हणून लसीवाचून आपल्याला गत्यंतर नाही, असे माझे ठाम मत आहे.

लस नव्याने शोधायची नाही. बीसीजी मुळात गाईच्याच क्षयजंतूपासून झाली. 1908 ते 1921 अशी तेरा वर्षे तो वाढवत-वाढवत सौम्य केला गेला. हा जंतू, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या आतच दडतो, त्यामुळे रक्तातल्या नुसत्या प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) भागत नाही. टी-पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडून भक्षक पेशींना चेतवावे लागते. बीसीजीने हीच तयारी होते, आणि कोवळ्या वासरात ती चांगली होते. इथिओपियात लस टोचलेली आणि न टोचलेली जनावरे बाधितांसोबत वर्षभर ठेवून पाहिली. 2024 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की लसीमुळे प्रसार 89 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. संरक्षण पूर्ण नसते, काळाने ओसरते, हेही खरे.

खरी अडचण तपासणीची आहे. लस टोचलेल्या निरोगी जनावरालाही मानेत ट्युबरक्युलिन (क्षय तपासायचे द्रव्य) दिले की सूज येऊ शकते, आणि ते बाधित ठरते. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रथिने रोगाच्या जंतूत असतात, बीसीजीत नसतात; त्यांच्यावर आधारलेली चाचणीच जनावर बाधित आहे की नुसती लस टोचलेले, हा फरक दाखवते. ती नसेल तर लसीकरण सुरूच करू नये. शिवाय रक्तात इंटरफेरॉन-गॅमा वाढला एवढ्यावर लस लागू पडली असे धरू नये. तो वाढूनही लागण होते. पुढे वर्षानुवर्षे जनावर पाहावे लागेल.

हे काम शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे सोपवा, सातारा-सांगलीतल्या राजी असलेल्या गोठ्यांत वासरांपासून सुरू करा आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात पैसे ठेवा. जिची तपासणी बाधित येईल त्या गाईसाठी वेगळी दावण व चाऱ्याचा खर्च शासनाने द्यावा, आणि मालकाचे नाव गावात फुटू देऊ नये.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली