डायव्हर्जनवर माणूस गेला तर ठेकेदार कुठे असतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-गोवा हायवेच्या रखडपट्टीवर पत्रं भरपूर छापून आलीत, त्यामुळे २०११ पासूनचं रडगाणं परत गात नाही. मला बोलायचंय ते कामाच्या जागी ट्रक-डंपरने माणूस गेल्यावर पुढे जे होतं त्याबद्दल.

रात्री डायव्हर्जनला असतं काय, तर मातीने भरलेल्या सिमेंटच्या चार गोण्या नाहीतर चुना मारलेले दगड, रेडियम कधीचंच गेलेलं, आणि पुढे टेललाइट नसलेला डंपर अर्धा रस्त्यात उभा. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेसाठी वेगळी गाइडलाइन आहे, एसपी ५५, बोर्ड किती आधी लावायचा, लेन कशी बंद करत न्यायची, रात्री दिवे कुठे, सगळं लिहिलंय त्यात. ते कागदावर. इथे ॲक्सिडेंट झाला की सकाळी ड्रम, बोर्ड, झेंडीवाला सगळं हजर, आणि पंचनाम्याला पोलीस येतात तोवर जागा एकदम व्यवस्थित! मग फिर्यादीत ते ठरलेलं 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात', ड्रायव्हरच्या नावाने, आणि बाइकवाला उभ्या डंपरला मागून धडकला असेल तर कधीकधी मेलेल्याच्याच नावाने. ठेकेदाराचं नाव कुठेच नाही.

याने काय फरक पडतो ते घरच्यांच्या भरपाईच्या हिशोबात बघा. २८ वर्षांचा मुलगा, महिना १५ हजार कमावणारा, घरी बायको आणि एक मूल. सुप्रीम कोर्टाने घालून दिलेल्या पद्धतीने वर्षाचे १ लाख ८० हजार, स्वतःचा धंदा असेल तर पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा करून १ लाख ६८ हजार, गुणिले १७ (वयानुसार ठरलेला गुणक), म्हणजे २८ लाख ५६ हजार. आता विमा कंपनीचा वकील ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, उभा राहून म्हणतो की मागून धडकला म्हणजे निम्मी चूक त्याचीच, आणि ते मान्य झालं तर १४ लाख २८ हजार गेले. तिथे दिवा नव्हता हे पंचनाम्यातच नसेल तर त्या बाईने ते सिद्ध कसं करायचं? डंपरचा विमाच संपलेला असला तर आणखी वेगळी रड, मग मालकामागे फिरत बसा.

कोणी म्हणेल, कायद्यात ठेकेदाराला शिक्षा आहे की. आहे ना, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८ अ आलं, रस्त्याच्या सुरक्षेचे नियम न पाळल्याने माणूस मेला किंवा अपंग झाला तर दंड, जास्तीत जास्त १ लाख. कोट्यवधींच्या कामात १ लाख, आणि तोही घरच्यांना नाही, सरकारी मोटार वाहन अपघात निधीत जमा! कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूचे ५ लाख मिळतात हे खरं, पण ते विम्याचे किंवा मालकाचे, आणि ते घेतले की कलम १६६ खालचा, वर हिशोब केला तो मोठा क्लेम संपला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख द्यायला सांगितले, आणि ते पैसे जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करायचे. मग बिनदिव्याचं डायव्हर्जन आणि अर्धवट खोदून ठेवलेली कड यात का नको? खड्डा निदान पावसाने पडला म्हणता येतं, डायव्हर्जन तर माणसानेच केलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की कामाच्या जागेवरच्या प्रत्येक मृत्यूत ठेकेदाराच्या बिलातून ठरावीक रक्कम कापून महिन्याभरात घरच्यांना द्यावी, ट्रिब्युनलची केस वेगळी चालू दे, आणि पंचनाम्यात बोर्ड-दिवे-बॅरिकेड होते की नव्हते हा रकाना सक्तीचा करा. यासाठी संसदेत जायची गरज नाही, टेंडरच्या अटीत बसतं हे.

तोपर्यंत वाचकांना सांगणं, असा प्रसंग आलाच तर कोणीतरी एकाने रात्रीच जागेचे फोटो काढून ठेवा, ड्रम येण्याआधी. आणि क्लेमला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. क्लेम तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही टाकता येतो, ॲक्सिडेंट झाला त्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही.

आपला,
एक वाचक, माणगाव (रायगड)