पहिल्या केमोआधी घरच्यांनाही नीट सांगा की

संपादक साहेब, नमस्कार,

माझ्या वहिनीची कॅन्सरची केमो सध्या नाशिकमध्येच चालू आहे. डॉक्टर चांगलेत, तक्रार त्यांची नाही, पण पहिल्या सलाईनआधी घरात काय तयारी करायची हे आम्हाला अर्धंअधिक वेटिंगमध्ये बसलेल्या बाकीच्या पेशंटकडूनच कळलं.

तपासण्या चिठ्ठीवर लिहून मिळतात, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिव्हर, किडनी, काही औषधं हार्टला त्रास देतात म्हणून टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, ते ठीक. पण किडका दात आधीच दाखवून घ्या हे कोण सांगतं? नंतर केमोने रक्तातल्या पेशी उतरल्या की दात काढणं म्हणजे इन्फेक्शनची आणि रक्त न थांबण्याची भीती. पेशंट तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू फ्रीझ करायचं पण केमोच्या आधीच विचारावं लागतं, आणि हा विषय काढायला आपल्याकडे सगळेच लाजतात.

खरा मुद्दा तापाचा. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्रीच फोन करायचा आणि निघायचं. नुसती कणकण आहे म्हणून अंगावर काढणाऱ्या आपल्या माणसांना हे पटतच नाही, त्यात घरात थर्मामीटर नसतो. आमच्या फाइलवर रात्रीचा नंबरच नव्हता, मागून घ्यावा लागला. आम्ही सिडकोत राहतो, रिक्षा मिळते, पण सुरगाणा पेठकडून एसटीने येणाऱ्याने रात्री दोनला काय करायचं हे त्याला घरी सोडतानाच सांगायला नको का?

बाकी गुळवेलाचा काढा वगैरे चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, काही गोष्टी केमोच्या औषधांत आडव्या येतात. आणि बघायला येणारे पाहुणे! द्राक्षाची पेटी घेऊन येतात आणि सोबत सर्दी पण. महात्मा फुले योजनेत बसत असाल तर रेशनकार्ड आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच भेटा, मंजुरीत वेळ जातो.

शहरातल्या सगळ्या केमो सेंटरनी हे एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत छापून पहिल्या भेटीतच द्यावं, आणि सगळ्यात वर रात्रीचा नंबर.

एक वाचक, सिडको, नाशिक